शब्दचर्चा: एक्झोसोमला ‘निरोप्या’ म्हणावं का?

मंडळी, एक शब्द अडलाय. कॅन्सरवरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात ट्यूमरच्या पेशी एक्झोसोम, म्हणजे अगदी बारीक पिशव्या, बाहेर सोडतात आणि ते टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, गप्प करतात असं आहे. ग्रीकमध्ये एक्झो म्हणजे बाहेर आणि सोमा म्हणजे शरीर, म्हणून आधी ‘बहिःकाय’ लिहिलं, पण आईला वाचून दाखवलं तर तिला वाटलं भुताखेताचं काहीतरी आहे 😀 आता ‘निरोप्या’ सुचलाय. कसा वाटतो?

—

बहिःकाय नकोच ताई. क्रोमोसोमला आपण कुठे रंगकाय म्हणतो, गुणसूत्र म्हणतो. लायसोसोमला (पेशीतला टाकाऊ माल पचवणारी पिशवी) शाळेच्या पुस्तकात लयकारिका आहे. म्हणजे काम बघून नाव दिलंय, त्या हिशोबाने निरोप्या छानच की.

—

काम बघून म्हणता, पण कुठलं काम? 1983 मध्ये मॉन्ट्रियलच्या रोझ जॉन्स्टन यांच्या लॅबमध्ये मेंढीच्या कच्च्या तांबड्या पेशींवर काम चालू होतं, तेव्हा दिसलं की पेशी पिकताना नको झालेले ट्रान्सफेरिन रिसेप्टर (लोह आत घ्यायला लागणारी प्रथिनं) बारीक पुड्यांत बांधून बाहेर टाकते. तेव्हा मराठी नाव ठेवलं असतं तर ‘केराची पिशवी’च झालं असतं ना. मग 1996 मध्ये कळलं की बी पेशींचे (याही पांढऱ्या पेशीच) एक्झोसोम अंगावर अँटिजेन, म्हणजे शत्रूची ओळख पटवणारे तुकडे, घेऊन असतात आणि टी पेशींना चेतवतात. आणि 2018 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की मेलानोमाचे (त्वचेच्या एका कॅन्सरचे) एक्झोसोम पीडी-एल1 नावाचं प्रथिन घेऊन रक्तात फिरतात, ते टी पेशीवरच्या पीडी-1 या ब्रेकला चिकटलं की ती हात आखडता घेते, म्हणजे गाठ एकीकडे आणि टी पेशीला अडवलं भलतीकडेच. शिवाय काही एक्झोसोमवर टीजीएफ-बीटा हे प्रतिकार दाबणारं प्रथिन असतं, त्याने एनके पेशींची (कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) मारायची ताकद उतरते. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये तर हर2 हे प्रथिन असलेले एक्झोसोम त्याच प्रथिनाला चिकटणाऱ्या ट्रास्टुझुमॅब औषधाला स्वतःकडेच ओढून घेतात असं लॅबमध्ये दिसलंय, ते तर सरळ बुजगावणंच झालं. आणि गंमत म्हणजे ट्यूमरच्याच पुडीत ट्यूमरचे अँटिजेनही असतात, ते डेंड्रिटिक पेशीच्या (टी पेशींना शत्रू दाखवणारी पेशी) हाती लागले तर उलट ट्यूमरच्याच विरुद्ध टी पेशी तयार होऊ शकतात. आता यात निरोप्या कोण, केर कुठला आणि बुजगावणं कुठलं, एका नावात कसं बसवणार? म्हणून नाव आकारावरूनच ठेवा, पुडी किंवा पुस्तकी हवं तर पुटिका.

—

पुटिका जरा जपून हं. पेशीतून बाहेर पडणाऱ्या पुटिका बऱ्याच जातीच्या असतात, एक्झोसोम त्यातली एकच, एंडोसोममधून (पेशीच्या आतल्या एका कप्प्यातून) तयार होणारी, साधारण 30 ते 150 नॅनोमीटरची. कुठून आली ते सिद्ध झालं नसेल तर नुसतं ‘पेशीबाह्य पुटिका’ म्हणावं असं या क्षेत्रातले लोकही सांगतात. तुमच्या मूळ लेखात कुठला शब्द आहे ते आधी बघा, आणि त्यांनी एक्झोसोम म्हटलं असेल तर तेच ठेवा.

अजून एक, विषय निघालाच आहे तर. ‘एक्झोसोममुळे रोगप्रतिकारक शक्ती कमी होते’ असं प्लीज लिहू नका. त्या ‘शक्ती’ शब्दाने घात केलाय, लोकांना वाटतं बॅटरी उतरली, काढा घेतला की चार्ज होईल. इथे टी पेशीत जोर असतो, तिला आवरून धरलेलं असतं. म्हणून तर पीडी-1 ची औषधं जोर भरत नाहीत, ब्रेक सोडतात. ‘प्रतिकार दबतो’ म्हणा, नाहीतर ‘आवरला जातो’.

—

आवरला जातो आवडलं, तेच घेतेय. निरोप्या रद्द. पहिल्या वेळी ‘एक्झोसोम म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली अतिसूक्ष्म पुडी’ आणि पुढे नुसतं एक्झोसोम. आता शेवटचा त्रास, तो एक्झोसोम की ती? पुडीमुळे माझ्या हातून सारखं ‘ती एक्झोसोम’ होतंय.

—

तो एक्झोसोम, ते एक्झोसोम. आणि ‘एक्झोसोम्स’ लिहिलंत तर भांडण होईल.