इच्छामरणाचा नवा कायदा हवा, की मिळालेला हक्क वापरण्याची सोय?

प्रश्न – नेरूळ, नवी मुंबई

माझ्या वडिलांना फुप्फुसांचा जुना विकार आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले होते. त्यातून ते बरे होऊन घरी आले आणि आम्हा भावंडांना समोर बसवून म्हणाले, "पुन्हा ती नळी माझ्या घशात घालू देऊ नका." ते निवृत्त शिक्षक आहेत, विचार करून बोलतात, आणि विनोबाजींनी १९८२ साली पवनारला अन्न व औषध नाकारून देह ठेवला याचा दाखला देतात. त्यांची ही इच्छा आजच्या कायद्यात पाळता येते का? आणि नेदरलँड्समध्ये २००२ पासून आहे तसा, डॉक्टरांच्या हातून मृत्यू घडवून आणण्याची मुभा देणारा कायदा आपल्याकडे व्हावा, असे आपल्याला वाटते का?

उत्तर १ – वकील, नौपाडा, ठाणे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे, आणि ते पुरेशा लोकांना ठाऊक नाही याचे मला फार वाईट वाटते. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली, कारण त्यांची मायेने शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या; मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवता येतील, हे तत्त्व त्याच निकालाने मान्य केले. पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, येतो असे सांगून लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे, आणि त्या अटीमुळे हा हक्क जवळजवळ कागदावरच राहिला.

जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घेतला की पुरते. प्रत्यक्ष वेळ आल्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ मत देते, त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असलेले दुसरे मंडळ ते तपासते. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. यंत्रे काढण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे मात्र आजही मनुष्यवधच ठरते.

उत्तर २ – परिचारिका, खारघर

मी कर्करुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करते. नव्या कायद्याआधी आज काय घडते ते पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पैसे संपले किंवा आशा संपली की नातेवाइकांकडून 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत' अशा मजकुरावर सही घेतली जाते. रुग्णालयात त्याला सरळ 'डामा' म्हणतात. रुग्णवाहिकेत वॉर्डबॉय अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबत बसतो, घरी पोहोचल्यावर नळी काढतो आणि निघून जातो. त्यानंतर तो जीव कधी काही तास, कधी रात्रभर धापा टाकत राहतो, आणि त्या वेळेसाठी घरच्यांच्या हातात मॉर्फिनची एक गोळीही कोणी दिलेली नसते. मंडळ नाही, कोणाची लेखी इच्छा नाही, वेदनाशमन नाही. याला निवड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मॉर्फिनसंबंधीचा कायदा २०१४ मध्ये दुरुस्त होऊन सोपा झाला, तरी कित्येक रुग्णालये ते ठेवतच नाहीत. ज्यांच्या वेदना शमवता येतात, त्यांतले बरेच जण मरण मागणे थांबवतात, हे मी स्वतः पाहिले आहे. आणि 'मी तुमच्यावर ओझे झाले' असे रोज पुटपुटणाऱ्या आजीबाईच्या सहीला तिची स्वतःची इच्छा कसे समजायचे, याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत सक्रिय इच्छामरणाच्या कायद्याला माझा विरोध राहील.

उत्तर ३ – घोडबंदर रोड, ठाणे

परिचारिकाताईंचा अनुभव मी नाकारत नाही, पण माझ्या पत्नीला मोटर न्यूरॉनचा आजार आहे. तिला व्हेंटिलेटर लावलेला नाही, त्यामुळे काढून घेण्यासारखे काही यंत्रच नाही. तिची बुद्धी शाबूत आहे, हात गेले आहेत आणि आता गिळणेही अवघड होत चालले आहे. २०१८ चा निकाल तिच्या आजच्या यातनांना काय देतो? नळीने अन्न घ्यायचे नाकारून हळूहळू जाण्याचा मार्ग, एवढेच. दडपण येईल ही भीती खरी आहे, म्हणून तर कठोर अटी असलेला कायदा हवा. इतरांवर दडपण येऊ शकते या कारणाने तिच्या स्पष्ट, वारंवार सांगितलेल्या इच्छेला कायमचे कुलूप लावणे मला अन्यायाचे वाटते.

उत्तर ४ – परिचारिका, खारघर

दादा, वहिनींच्या बाबतीत माझ्याकडे तयार उत्तर नाही आणि खोटा धीर मी देणार नाही. एवढेच सांगते की श्वासाची घुसमट कमी करण्यासाठीही अल्प मात्रेत मॉर्फिन वापरतात. त्यांच्या डॉक्टरांना पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना व त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, तज्ज्ञांशी आजच बोलायला सांगा, शेवटचा टप्पा येण्याची वाट पाहू नका.

प्रश्नकर्ता – नेरूळ

सर्वांचा आभारी आहे. वडिलांचा कागद करून घेण्याचे ठरले आहे. एकच अडचण अशी की ठाण्याला दिलेली माझी बहीण याला तयार नाही. ऐनवेळी तिने हरकत घेतली तर?

उत्तर ५ – वकील, नौपाडा, ठाणे

वडील शुद्धीवर आणि बोलण्याच्या स्थितीत असतील, तर निर्णय त्यांचाच; मुलांची संमती लागत नाही. ते बोलू शकत नसतील तेव्हासाठी कागदात निर्णय सांगणाऱ्या व्यक्तींची नावे लिहिता येतात, आणि २०२३ पासून एकापेक्षा अधिक नावे देण्याची मुभा आहे. माझ्या मते बहिणीचेही नाव घालावे आणि वडिलांनी स्वतः तिच्याशी बोलावे. कोणते उपचार नकोत हे मोघम न लिहिता व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणे असे एकेक नमूद करावे. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे आणि एक महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी व तिची पोच घ्यावी.