घरच्या ईव्ही चार्जरचं टॅक्स क्रेडिट ३० जून २०२६ ला संपतंय: संपू द्यावं की भांडून टिकवावं?

रारितनकाठ (एडिसन, न्यू जर्सी)

अमेरिकेत राहत्या घरी ईव्ही चार्जर बसवला तर फेडरल करात खर्चाच्या ३० टक्के, जास्तीत जास्त १,००० डॉलर सूट मिळते. आयकर कायद्याचं कलम ३०-सी, फॉर्म ८९११. २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने ही सूट २०३२ पर्यंत ठेवली होती. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ती ३० जून २०२६ वर आणली. त्या तारखेपर्यंत चार्जर बसून वापरायला तयार हवा, नुसता विकत आणून भागत नाही. गाडीवरचं ७,५०० डॉलरचं क्रेडिट तर ३० सप्टेंबर २०२५ लाच गेलं.

आमच्या ओळखीच्या ग्रुपवर ‘सिनेटरला पत्र लिहून ही सूट वाचवा’ असा आग्रह चालू आहे. मी सही केलेली नाही. ईव्हीला माझा अजिबात विरोध नाही, मी स्वतः ईव्हीच चालवतो. पण ही सूट ज्या रूपात आहे त्या रूपात ती संपलेलीच बरी, असं माझं ठाम मत आहे.

ती कोणाच्या पदरात पडली ते बघा. स्वतःचं घर, घराला गराज किंवा ड्राइव्हवे, पॅनलमध्ये नव्या ब्रेकरला जागा, आणि इलेक्ट्रिशियनचं बिल आधी खिशातून देऊन टॅक्स भरायच्या वेळेपर्यंत थांबायची ऐपत. एडिसन, प्लेन्सबरो भागात नव्याने आलेली आपली मुलं अपार्टमेंटमध्ये राहतात. पार्किंगची जागा ठरलेली नाही, मीटर गाडीपासून लांब, मालकाला विचारलं तर उत्तर येत नाही. ती मुलं दुकानांच्या आवारातल्या फास्ट चार्जरवर रांग लावतात आणि युनिटमागे घरच्यापेक्षा पुष्कळ जास्त मोजतात. ज्याला चार्जिंग स्वस्तात पडतं त्याला सूट, आणि ज्याला महाग पडतं तो बाहेर.

२०२३ पासून घर कमी उत्पन्नाच्या किंवा शहरी नसलेल्या सेन्सस ट्रॅक्टमध्ये (जनगणनेसाठी आखलेल्या छोट्या विभागात) असावं अशी अट आली. हेतू चांगला होता. पण ही अट पत्त्याला लागते, माणसाला लागत नाही. गाडीच्या क्रेडिटला जोडप्यासाठी ३ लाख डॉलर उत्पन्नाची मर्यादा होती, चार्जरला कसलीच मर्यादा नाही. शेतांच्या मधोमध बंगला बांधलेला सर्जन पात्र, दाट वस्तीतल्या टाऊनहाऊसमधली शिक्षिका अपात्र. ट्रॅक्टच्या हद्दी बऱ्याचदा रस्त्यांवरून जातात, त्यामुळे रस्त्याच्या या बाजूच्या घराला मिळतं, समोरच्याला नाही, असंही होतं.

सरकारला पैसा घालायचाच असेल तर अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये वायर टाकायला घालावा. आणि तो हातात द्यावा, करातून वळता करून नव्हे.

ससक्वेहाना (मध्य पेन्सिल्व्हेनिया)

रारितनकाठ, तुमचा तो सर्जन असेलही कुठेतरी. मी ज्या काउंटीत राहते तिथे माझे शेजारी ट्रकचालक, नर्स आणि डेअरीवाले आहेत. इथली घरं जुनी. कित्येकांचं पॅनल अजून १०० अँपिअरचं. गराज घरापासून सुटं, म्हणजे अंगणात चर खणून केबल न्यायची. बिल बघता बघता तीन हजारांच्या वर जातं. गणित करा: पूर्ण १,००० डॉलर मिळायला खर्च ३,३३४ च्या आसपास व्हावा लागतो. ज्याच्या गराजच्या भिंतीलाच पॅनल आहे त्याला तीनशे-चारशे मिळतात. म्हणजे ज्याला जास्त भुर्दंड त्याला जास्त आधार. यात अन्याय कुठे दिसला तुम्हाला?

आणि ‘भाडेकरूंना काहीच नाही’ असं ध्वनित करू नका. भाड्याचं असलं तरी ते तुमचं मुख्य राहतं घर असेल आणि चार्जरचे पैसे तुम्ही दिले असतील तर क्रेडिट मागता येतं. घरमालकाने धंद्याच्या नात्याने बसवला तर याच कलमात एका चार्जरमागे १ लाख डॉलरपर्यंत सोय आहे. तीही त्याच ३० जूनला जाते आहे! तुम्ही ज्या मुलांसाठी कळवळता, त्यांच्या मालकाला मिळणारी सवलतही तुमच्या ‘संपू द्या’मध्ये बुडते.

पत्त्याच्या अटीबद्दल: जानेवारी २०२४ मध्ये नियम आले तेव्हा सरकारचाच अंदाज होता की सुमारे दोन तृतीयांश अमेरिकन पात्र भागांत राहतात. एवढं मोठं जाळं टाकल्यावर कडेला काही जण राहणारच. त्यासाठी जाळंच फाडायचं का?

रारितनकाठ

मालकाला ३० टक्के कधी मिळतात तेही सांगा ना, ताई. बांधकाम मजुरांना ठरलेलं प्रचलित वेतन दिलं आणि ॲप्रेंटिसच्या अटी पाळल्या तर. नाहीतर ६ टक्के. आठ-दहा भाडेकरू असलेला मालक त्या कागदपत्रांच्या वाटेला जात नाही, आणि ६ टक्क्यांसाठी पार्किंग उखडत नाही.

भाडेकरूचा हक्कही कागदावरच. वर्षभराचा करार असलेला मुलगा दुसऱ्याच्या भिंतीत दोन हजार डॉलर घालेल का?

आकडेमोड (शिकागोजवळ, करविवरणपत्रं भरण्याचा व्यवसाय)

दोघांच्याही लिहिण्यात एक गोष्ट सुटली, आणि माझ्या टेबलावर दर मार्चमध्ये ती समोर येते. हे क्रेडिट देय करापुरतंच आहे. कर शून्य झाला की उरलेलं क्रेडिट वाया. रिफंड म्हणून मिळत नाही, घरच्या चार्जरचं असेल तर पुढच्या वर्षात नेता येत नाही.

उदाहरण घ्या. नवरा-बायको, दोन लहान मुलं, मिळून ५५,००० डॉलर पगार. २०२५ साठी स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० गेलं. उरले २३,५००. त्यावर १० टक्क्यांनी कर २,३५०. दोन मुलांचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट ४,४००, आणि ते आधी वजा होतं. कर शून्य. चार्जरच्या क्रेडिटचा नंबर लागतो तेव्हा वजा करायला काही शिल्लकच नसतं. या कुटुंबाने पात्र ट्रॅक्टमध्ये तीन हजारांचा चार्जर बसवला तरी हाती काहीच नाही. त्याच गल्लीतल्या दोन लाख पगाराच्या कुटुंबाला नऊशे.

अशा घराला हे समजावून सांगताना फार वाईट वाटतं, कारण दुकानात त्यांना ‘३० टक्के परत मिळतील’ एवढंच सांगितलेलं असतं. कमी उत्पन्नाच्या भागासाठी म्हणून आखलेली सूट कमी उत्पन्नाच्या माणसालाच लागू पडत नाही. माझ्या मते हा दोष पत्त्याच्या अटीपेक्षा मोठा आहे. तरीही मी ‘संपू द्या’ म्हणणार नाही. रिफंडेबल करा म्हणेन.

लोनस्टार कोल्हापूरकर (डॅलस)

मी सरळच लिहितो. माझा कसल्याही रूपातल्या सवलतीला विरोध आहे, रिफंडेबल असो नाहीतर रोख.

पहिलं कारण इतिहास. ही सूट २०२२ ची नाही, २००५ च्या ऊर्जा कायद्यातली आहे. २००९ आणि २०१० मध्ये तर ती ५० टक्के, २,००० डॉलरपर्यंत होती. २०१७ अखेर संपली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये काँग्रेसने मागच्या तारखेने परत दिली. म्हणजे २०१८ मध्ये ज्याने चार्जर बसवला त्याला बसवताना सूट नव्हती, दीड-दोन वर्षांनी मिळाली. त्या सुटीमुळे त्याने बसवला असं म्हणता येईल का? तो बसवणारच होता. इतरांच्या करातून त्याला बक्षीस दिलं, एवढंच.

दुसरं, बहुतेकांना २४० व्होल्टचा चार्जर लागतच नाही. गराजमधल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर १२ अँपिअरने जवळजवळ दीड किलोवॅट मिळतं. रात्रीच्या दहा तासांत १४ युनिट, म्हणजे चाळीसेक मैल. रोजच्या जाण्यायेण्याला पुरतं. सोय हवी असेल तर ज्याची त्याने विकत घ्यावी.

तिसरं, रस्ते. पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट फेडरल कर आहे, १९९३ पासून तेवढाच, आणि ईव्हीवाला तो देत नाही. टेक्सासने नव्या ईव्हीला ४०० आणि पुढे वर्षाला २०० डॉलर लावले. मी ते देतो आणि ते बरोबर आहे असं मला वाटतं.

ससक्वेहाना

चाळीसेक मैल डॅलसमध्ये. इथे जानेवारीत गाडीतला हीटर आणि थंड बॅटरी मिळून रेंज किती खातात ते या आणि बघा. माझ्या शेजारची नर्स एका बाजूला ४५ मैल जाते. बारा तासांची शिफ्ट करून रात्री आठला येते, सकाळी साडेपाचला निघते. १२० व्होल्टवर ती गाडी आठवड्याच्या मध्यावर रिकामी होईल. तिला तो २४० व्होल्टचा चार्जर म्हणजे नोकरीवर पोचण्याचं साधन आहे, त्याला चैन म्हणू नका.

रस्त्यांच्या पैशांबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. पण एका हाताने घेणं वाढत चाललंय आणि दुसऱ्या हाताने देणं बंद होतंय, हे मान्य करा. रारितनकाठांच्याच न्यू जर्सीत १ जुलै २०२४ पासून ईव्हीला वर्षाला २५० डॉलर फी लागली, दरवर्षी दहाने वाढणारी, आणि नवी गाडी घेताना चार वर्षांची एकदम: १,०६० डॉलर. विक्रीकराची माफीही १ जुलै २०२५ ला पूर्ण गेली.

टेम्सपलीकडे (स्लाउ, इंग्लंड)

बाहेरचा आहे, पण रारितनकाठ जे म्हणतात ते आमच्याकडे झालेलं आहे म्हणून लिहितो. स्वतःचं सुटं घर असलेल्यांसाठी होम चार्जरचं अनुदान होतं. ३१ मार्च २०२२ ला सरकारने ते त्यांच्यासाठी बंद केलं आणि पुढे फक्त फ्लॅटवाले आणि भाडेकरू यांच्यासाठी ठेवलं. तेव्हा रक्कम होती खर्चाच्या ७५ टक्के, कमाल ३५० पौंड. पैसे इन्स्टॉलर परस्पर बिलातून कमी करायचा, त्यामुळे आकडेमोड यांनी दाखवलेला घोळ उद्भवत नव्हता. शिवाय १५ जून २०२२ पासून इंग्लंडमध्ये पार्किंग असलेल्या नव्या घराला चार्जिंग पॉइंट सक्तीचा झाला.

तरी एक वर्ग सुटलाच. इथल्या जुन्या ओळीच्या घरांना ड्राइव्हवे नसतो, गाडी रस्त्यावर. त्यांनी घरी वीज वापरली तर व्हॅट ५ टक्के, रस्त्यावरच्या चार्जरवर २० टक्के. माझ्या मते अनुदानापेक्षा हा फरक जास्त बोचतो.

बेएरियातली मीनल (सॅन होजे)

मी ससक्वेहानाताईंच्या बाजूने, पण वेगळ्या कारणासाठी. रारितनकाठ म्हणतात अपार्टमेंटच्या पार्किंगला पैसे द्या. पैशाआधी परवानगी लागते. कॅलिफोर्नियात कायद्याने काँडोची (मालकीच्या फ्लॅटांच्या इमारतीची) असोसिएशन चार्जरला सरसकट नकार देऊ शकत नाही, खर्च आणि विमा चार्जर लावणाऱ्या फ्लॅटमालकाचा. हा कायदा नसता तर माझ्या काँडोत सरकारने दहा हजार दिले असते तरी वायर पडली नसती, कारण मीटिंगमध्ये विषयच पुढे ढकलला जायचा. गराज असलेल्या नव्या घरांत चार्जरसाठी पाइप आणि पॅनलमध्ये जागा ठेवायची सक्तीही इथे २०१५ पासून आहे. भिंत उघडी असताना पाइप टाकायला जवळजवळ काही लागत नाही, नंतर फोडायला हजारो लागतात.

म्हणजे नव्या घरांचा प्रश्न नियमाने सुटतो. उरतात जुनी घरं, आणि त्यांना पैसाच लागतो. ३०-सी नेमकं तिथे उपयोगी होतं.

कोथरूडकर (पुणे)

मीनलताईंची मीटिंग वाचून आमचीच सोसायटी डोळ्यांसमोर आली. भारतात चार्जरवर आयकरात सूट नव्हतीच. कलम ८०-ईईबी होतं, तेही गाडीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत, आणि कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेलं असेल तर. महाराष्ट्राच्या २०२१ च्या ईव्ही धोरणात घरी चार्जर बसवणाऱ्याला पालिकांनी मालमत्ता करात सूट द्यावी असं लिहिलं होतं. लिहिणं आणि बिलावर उतरणं यांत अंतर आहे.

आमच्या इथे चार्जरपेक्षा मीटररूमपासून पार्किंगपर्यंतच्या केबलवरून भांडण होतं. लोड वाढला तर ट्रान्सफॉर्मरचा खर्च कोणी द्यायचा, आग लागली तर जबाबदार कोण. फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांनी ईव्हीसाठी वेगळी वीजजोडणी मागायची वाट करून दिली, पण कमिटीला पटवणं आपल्याच अंगावर. म्हणून मी रारितनकाठांच्या बाजूचा. पैसा द्यायचाच तर सगळ्या इमारतीच्या केबलला द्या, एकट्याच्या डब्याला नको.

रारितनकाठ

टेम्सपलीकडे यांनी लिहिलं तेच मला हवं आहे. आहे तेवढाच पैसा, पण फ्लॅट आणि भाडेकरूंकडे वळवलेला, आणि बिलातूनच कमी होणारा. लोनस्टार यांचा मागच्या तारखेचा मुद्दाही मला पटतो. बसवणारच होते त्यांना पैसे देण्यात अर्थ नाही. ताई, त्या नर्सला मदत मिळावी यात वाद नाही. उत्पन्नाची मर्यादा घाला, मी पहिली सही करीन.

ससक्वेहाना

मर्यादा घाला, रिफंडेबल करा, दोन्हीला माझी हरकत नाही. पण तुम्ही म्हणता तसा पैसा ‘वळवला’ गेलेला नाही, रारितनकाठ. इंग्लंडने घरवाल्यांचं बंद केलं तेव्हा भाडेकरूंचं चालू ठेवलं. इथे ४ जुलैच्या त्या कायद्याने मालकाचं, भाडेकरूचं, धंद्याचं, घरचं, सगळं एकाच तारखेला संपवलं आणि अपार्टमेंटच्या केबलसाठी त्या जागी काहीच ठेवलं नाही. तुमची योजना अजून कुठल्या विधेयकात नाही. ती आली की माझ्या काउंटीतून पत्रं गोळा करून द्यायची जबाबदारी माझी. तोवर आहे त्या कलमाच्या बाजूनेच मी लिहिणार. आणि ज्यांना अजून बसवायचा आहे त्यांनी आधी आपला ट्रॅक्ट तपासा, मग इलेक्ट्रिशियनची तारीख घ्या. आमच्याकडे टाऊनशिपचं परमिट आणि इन्स्पेक्शन यांतच कित्येक आठवडे जातात.