घोणशीचा जीनोम: नर की मादी, आणि विषजनुकं कशी नोंदवावीत?

निशाचर: घोणशीचा जीनोम (सगळा डीएनए) तुकडे वाचून, जोडून पूर्ण गुणसूत्रांपर्यंत जुळवायचा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम १२ खालची परवानगी मिळाली आहे. पैसे एकाच प्राण्यापुरते आहेत. नर घ्यावा की मादी? विषजनुकं आपोआप नोंदवली जातील का, म्हणजे त्यांची जागा आणि रचना संगणक स्वतःच खुणावेल का?

तांबडीमाती: मादीच घ्या. सापांत लिंग झेड आणि डब्ल्यू गुणसूत्रांवर ठरतं: मादी झेड-डब्ल्यू, नर झेड-झेड असतो, त्यातून डब्ल्यू गुणसूत्र कधीच मिळणार नाही. मादीत झेड आणि डब्ल्यू दोन्हींची खोली (प्रत्येक जागा किती वेळा वाचली गेली ते) निम्मी येते, म्हणून हायफाय वाचन (लांब आणि अचूक डीएनए वाचन) ४० पटीच्या खाली नको. त्याच मादीच्या रक्तातून हाय-सी करा (पेशीत डीएनएचे कोणते भाग जवळ असतात ते दाखवणारी पद्धत, तुकडे गुणसूत्रांत लावायला). सापाच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, त्यामुळे ५० मायक्रोलिटर रक्त भरपूर झालं. जास्त घातलंत तर लायसिसमध्ये (पेशी फोडताना) चिकट गोळा होतो, प्रथिनं त्यातच अडकतात आणि डीएनए घाण निघतो. पिपेटची टोकं रुंद तोंडाचीच वापरा. शेवटी १८ जोड्या दिसल्या पाहिजेत, त्यातल्या १० सूक्ष्म गुणसूत्रांच्या. हाय-सी नकाशात बारकी गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली दिसतात, तिथे हाताने तोडावं लागतं.

खवल्या: खरी कटकट पुढे आहे. विषजनुकं एकाशेजारी एक प्रतींच्या रांगेत बसतात. पर्ज-डप्स (जुळणीतले दुहेरी तुकडे काढणारं सॉफ्टवेअर) डोळे झाकून चालवलंत तर खऱ्या प्रतीही दुहेरी समजून काढल्या जातील. पुनरावृत्त डीएनए शोधणारा रिपीटमॉडेलरही कधी कधी याच जनुककुटुंबांना पुनरावृत्ती ठरवतो. त्याची लायब्ररी आधी ज्ञात विषप्रथिनांशी ताडून गाळा, मगच मास्किंग (पुनरावृत्ती झाकणं). ब्रेकर हे जनुकं आपोआप शोधणारं सॉफ्टवेअर शेजारच्या दोन प्रती जोडून एक लांबलचक जनुक करतं, आणि बारके एक्सॉन (जनुकाचे अंतिम आरएनएत टिकणारे तुकडे) गाळतं.

म्हणून रांगेच्या दोन्ही टोकांच्या ओळखीच्या जनुकांवरून जागा शोधा: फॉस्फोलायपेझ ए-२ या विषकुटुंबासाठी ओटीयूडी३ आणि एमयूएल१, मेटॅलोप्रोटिनेझ या दुसऱ्या विषकुटुंबासाठी अ‍ॅडम२८. तिथलं प्रत्येक मॉडेल (सॉफ्टवेअरने आखलेली जनुकाची रचना) अपोलो या संपादन-साधनात हाताने तपासायचं: सिग्नल पेप्टाइड (प्रथिन पेशीबाहेर पाठवणारा सुरुवातीचा भाग), सिस्टीन या अमिनो आम्लाची मांडणी, मध्येच स्टॉप (प्रथिन थांबवणारी खूण) नाही ना. वेळ खाणारं काम आहे, पण याला पर्याय नाही.

निशाचर: आणि मॉडेलं ताडायला आरएनए कशाचं घ्यावं?

खवल्या: विषग्रंथीचं घ्या, विष काढल्यावर ३-४ दिवसांनी, तेव्हा ग्रंथी पुन्हा विष भरायला लागलेली असते. आयसो-सिक (आरएनए अखंड लांबीत वाचणं) केलंत तर चुकून जोडलेली मॉडेलं लगेच पकडता येतात. सोबत यकृत, मूत्रपिंड, स्नायू हवेतच. फक्त ग्रंथीचं घेतलंत तर तिथे दिसणारं प्रत्येक जनुक विषाचंच वाटू लागतं.

तांबडीमाती: ग्रंथीसाठी प्राणी मारावा लागतो, ती मुभा परवानगीत आहे का ते आधी बघा. नसेल तर ताज्या विषातही थोडं एमआरएनए (जनुकाचा संदेश नेणारं आरएनए) मिळतं. तुटकं असतं, पण एक्सॉनच्या सीमा ठरवायला कामी येतं. आणि विषाची मास स्पेक्ट्रोमेट्री करून घ्या, म्हणजे त्यात खरोखर कोणती प्रथिनं आहेत ते कळेल. ज्या जनुकप्रतीचा पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) विषात सापडत नाही, तिला 'विष' असं नाव देऊ नका.