शिवणवर्ग झाला, प्रमाणपत्रे मिळाली. पुढे काय करावे?

प्रश्न (ग्रामसंघ सचिव, सांगोला तालुका)

आमच्या ग्रामसंघाने, म्हणजे गावातील बचत गटांच्या संघाने, गेल्या वर्षी बचत गटांतील महिलांसाठी तीन महिन्यांचा शिवणवर्ग घेतला. २४ जणींनी तो पूर्ण केला, सर्वांना प्रमाणपत्रे मिळाली, परंतु आज त्यांपैकी केवळ पाच जणी पैसे घेऊन दुसऱ्यांचे कपडे शिवतात. बाकीच्यांच्या हातात कसब नाही असे मुळीच नाही. त्यांनी शिवलेले ब्लाऊज मी स्वतः वापरते. मात्र शिलाई किती घेणार, हे सांगताना त्यांचा आवाज खाली जातो आणि बँकेत गेल्यावर त्या माझ्या मागे उभ्या राहून "ताई, तुम्हीच बोला" असे म्हणतात. म्हणून आम्ही शहरातील वक्त्यांना बोलावून आत्मविश्वास या विषयावर दोन व्याख्याने ठेवली. महिलांना ती मनापासून आवडली, तरी पुढच्या सोमवारी बँकेत बोलणारी मीच होते. आता ग्रामसंघाकडे पुन्हा थोडा निधी आहे. तो आणखी एका वर्गावर खर्च करावा, की वेगळे काही करावे?

उत्तर १ (समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे बचत गटांना मार्गदर्शन करणारी कार्यकर्ती, यवतमाळ जिल्हा)

ताई, राग मानू नये, पण एक कारण आपल्या प्रश्नातच दिसते: बँकेत दर वेळी आपणच जाता. आमच्या गटातही नऊ वर्षे अध्यक्ष आणि सचिव या दोघीच बँकेत जात असत आणि उरलेल्या आठ जणी ठरावावर सही करून घरी जात. एकदा त्या दोघी एकाच वेळी गावी नव्हत्या, तेव्हा पेटीत पैसे असूनही कर्जाचा हप्ता चुकला, कारण भरण्याची स्लिप कशी लिहायची हे आम्हा कोणालाच माहीत नव्हते. त्यानंतर आम्ही ठराव केला की दर महिन्याला एक जाणती आणि एक नवखी अशी जोडी बँकेत जाईल, आणि बैठकीचे इतिवृत्तही पाळीपाळीने लिहिले जाईल. जिला लिहिता येत नाही ती बचतीची रक्कम मोजून मोठ्याने सांगते आणि शेजारची लिहून घेते. सुरुवातीला चुका पुष्कळ झाल्या. १०० रुपयांचा मेळ लागेना म्हणून एक बैठक रात्री दहापर्यंत चालली, आणि त्या रात्री प्रत्येकीने पहिल्यांदाच रोकडवही उघडून पाहिली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे ही बचत गटांची पंचसूत्री आपण सर्व जणी पाठ म्हणतो, पण लेखे मात्र एकीच्याच गळ्यात पडतात.

उत्तर २ (निवृत्त शिक्षिका, सातारा)

वरील अनुभवाला जोडून मला आमच्या सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे उदाहरण सांगावेसे वाटते. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी माणदेशातील, म्हणजे म्हसवडच्या परिसरातील, महिलांसाठी बँक काढण्याचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक महिलांपैकी अनेकींनी सहीऐवजी अंगठे उठवले होते. त्या महिला लिहायला-वाचायला शिकल्या, काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या की एखाद्या रकमेवरचे व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनीही ते यंत्राविना काढावे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली आणि पुढे २००६ मध्ये महिलांसाठी व्यवसाय शाळा निघाली, जी बसमधूनही गावोगाव जाऊ लागली. यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की त्या महिलांना हिशेब आधीपासूनच येत होता. तो योग्य जागी, योग्य माणसांसमोर मांडण्याची वेळ त्यांच्यावर आली आणि त्यांनी ती निभावली.

दुसरे उदाहरण लातूर जिल्ह्यातील किल्लारीचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात, प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने, शेकडो गावांत महिलांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. अनुदान कसे मिळते, भिंत मजबूत कशी करतात, हे त्या घरोघरी समजावून सांगत. ज्या बाईकडे गावाला हवी असलेली माहिती आहे, तिच्याशी सरपंचालाही बोलावे लागते आणि अभियंत्यालाही. आपल्या २४ जणींकडे असे कोणते काम सोपवता येईल, याचा विचार व्हावा.

उत्तर ३ (शिलाई व्यावसायिक, इचलकरंजी)

दोन्ही उत्तरे मला पटली, तरी काम नसेल तर बँकेत बोलण्याची वेळच येणार नाही, हे नजरेआड होऊ नये. मी ज्या संस्थेत शिकले तिने प्रमाणपत्र वाटपाचे छायाचित्र काढले आणि नंतर आमच्याकडे वळूनही पाहिले नाही. याउलट जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, जिला आपण आरसेटी म्हणतो, प्रशिक्षण मोफत असते आणि त्यानंतर दोन वर्षे पाठपुरावा करण्याची तिच्यावर जबाबदारी असते. तेथे अवश्य चौकशी करावी.

भाव सांगताना आवाज खाली जातो, याचे कारण अनेकदा भाव कसा काढायचा हेच ठाऊक नसते. अस्तर, दोरा, हूक, वीज, यंत्राची दुरुस्ती आणि स्वतःचे तास हे सर्व एका कागदावर मांडा. मी हा कागद पहिल्यांदा केला तेव्हा लक्षात आले की फॉलचे काम मी वर्षभर जवळजवळ फुकट करत होते. दुसऱ्या दिवशी मी दर वाढवला आणि तो कागद यंत्राशेजारी चिकटवून ठेवला. कोणी घासाघीस केली की मी कागद दाखवत असे. शाळेच्या गणवेशाचे काम गावाबाहेर जात असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीकडे नमुना घेऊन सर्व जणींनी मिळून जावे. सर्वांनाच व्यवसाय करायचा नसतो, हेही विचारून घ्यावे; काहींना महिन्याचा ठरावीक पगार हवा असतो आणि ती अपेक्षा कमी प्रतीची नाही. बैठकीची वेळही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी, कारण लहान मुले असलेल्या जणी संध्याकाळी येऊ शकत नाहीत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बँकेविषयीचा पहिला मुद्दा मला लागला, आणि तो खरा आहे. येत्या बैठकीत जोडीचा ठराव मांडते. निधीतून नवा वर्ग न घेता गणवेशाच्या दोन नमुन्यांचे कापड घ्यावे आणि दुपारच्या दोन तासांसाठी अंगणवाडीजवळ मुले सांभाळणाऱ्या एका बाईला मानधन द्यावे, असे सुचवणार आहे. शाळेत बोलायला कोण जाईल, हे त्या २४ जणी ठरवतील. मी त्या दिवशी शेतावर असेन.