बँकेचे मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आले, तर ते कसे वाचावे?

पहिले घर घेणारी

नमस्कार. आम्ही दोघे आयुष्यातले पहिले घर विकत घेत आहोत. विक्रेत्यांशी बोलणी होऊन किंमत ठरली आणि विसारही दिला. त्यानंतर बँकेने नेमलेले मूल्यांकक येऊन घर पाहून गेले. ते जेमतेम अर्धा तास घरात होते. आता त्यांच्या अहवालात घराचे मूल्य ठरलेल्या किमतीपेक्षा 8 टक्क्यांनी कमी दाखवले आहे. विक्रेत्यांचे म्हणणे असे, की त्यांनी तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघर आणि दोन्ही न्हाणीघरे नव्याने करून घेतली आणि तो खर्च मूल्यांककांनी धरलेलाच नाही. आमच्या घरची मंडळी म्हणतात, की आपण जास्त भावाने घेत आहोत, विसार सोडून बाहेर पडावे. अर्ध्या तासात मूल्य कसे ठरते, हा आकडा नेमके काय सांगतो आणि त्यावर आक्षेप घेता येतो का, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

निवृत्त मूल्यांकक

मी नोकरीची सगळी वर्षे हेच काम केले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरातला अर्धा तास हा आमच्या कामाचा सर्वांत लहान भाग असतो. लेसरचे यंत्र एका भिंतीला टेकवून खोल्यांची लांबी-रुंदी घ्यायची, छताच्या कोपऱ्यात ओलीचा पिवळसर डाग आहे का, खिडकीखाली रंगाचे पोपडे सुटले आहेत का हे पाहायचे, छायाचित्रे काढायची आणि निघायचे. खरे काम त्यानंतर, जवळपास नुकत्याच विकल्या गेलेल्या घरांच्या नोंदी समोर ठेवून सुरू होते.

मूल्य काढण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. भाड्याच्या उत्पन्नावरून मूल्य काढण्याची पद्धत गुंतवणुकीच्या मालमत्तांना जास्त लागू पडते. जमिनीची किंमत अधिक आज तेच बांधकाम करण्याचा खर्च, वजा झीज, ही पद्धत तुलनेला घरे मिळत नाहीत तिथे उपयोगी ठरते. राहत्या घरासाठी मुख्य आधार तुलनेचाच असतो आणि तुमच्या अहवालातही बहुधा तीच पद्धत असेल.

तुलना करताना सगळे फेरफार विकल्या गेलेल्या घराच्या किमतीत करायचे असतात. समजा, शेजारचे एक घर 100 ला विकले गेले. त्याला बंदिस्त वाहनतळ आहे, तुमच्या घराला नाही, आणि त्या भागातले ग्राहक त्यासाठी साधारण 4 जास्त मोजतात. मग ते 4 वजा करून 96 धरायचे. तेच घर रहदारीच्या रस्त्याला लागून आहे आणि तुमचे आतल्या शांत बाजूला, म्हणून 3 मिळवायचे, झाले 99. अशी तीन-चार घरे घेतल्यावर त्यांची सरळ सरासरी काढत नाहीत. ज्या घरात सर्वांत कमी फेरफार करावे लागले, त्याला अधिक वजन देतात, कारण प्रत्येक फेरफार हा शेवटी मूल्यांककाचा अंदाज असतो.

स्वयंपाकघराचे उत्तर यातच आहे. त्यावर किती खर्च झाला हे मूल्यांकक विचारत नाही. तसे स्वयंपाकघर असलेल्या घरासाठी ग्राहक प्रत्यक्षात किती जास्त देतात, हे तो पाहतो. घराची आवडनिवड माणसागणिक बदलते, त्यामुळे नूतनीकरणाचा सगळा खर्च मूल्यात क्वचितच उतरतो. विक्रेत्यांची तळमळ मला समजते, पण नुसती खर्चाची बिले पुढे ठेवून आकडा बदलणार नाही.

कर्ज विभागात काम करणारी

वरील उत्तर वाचले. मला बँकेच्या बाजूने दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

बँक सहसा ठरलेली किंमत आणि मूल्यांकन यांपैकी जो आकडा कमी असेल त्यावर कर्ज मोजते. किंमत 100 आणि कर्ज 80 टक्के धरले, तर तुम्ही स्वतःचे 20 घालणार होता. आता मूल्य 92 आले, म्हणून कर्ज 73.6 मिळेल आणि तुम्हाला 26.4 उभे करावे लागतील. मूल्य 8 टक्क्यांनीच घटले, पण तुमच्या पदरची रक्कम जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली. विक्रेत्यांशी पुन्हा बोलायला बसाल तेव्हा हा हिशेब कागदावर मांडून न्या. किंमत थोडी उतरवणे, फरक दोघांनी वाटून घेणे किंवा तुम्ही जास्त रक्कम घालणे, हे तिन्ही मार्ग मोकळे असतात. विसार सोडण्याआधी मात्र करारात कर्जाबाबत काही अट आहे का, हे वकिलाकडून वाचून घ्या.

दुसरे म्हणजे, मूल्यांकन ही बांधकामाची तपासणी नव्हे. कर्ज बुडाले तर तारण पुरेल का, या बँकेच्या प्रश्नाचे ते उत्तर असते. नळ गळतो का, विजेच्या तारा जुन्या झाल्या आहेत का, हे कळायला वेगळा जाणकार लागतो, आणि लोक नेमके इथेच निर्धास्त राहतात, याची मला फार काळजी वाटते.

घर विकलेला

आमच्या घराचे मूल्यांकनही कमी आले होते. मी आधी रागावून लांबलचक पत्र लिहिले, त्याचा काही उपयोग झाला नाही. मग अहवालाची प्रत मागून ओळ न् ओळ वाचली, तेव्हा लक्षात आले की मागच्या बाजूची खोली मोजमापात धरलीच नव्हती आणि तुलनेसाठी घेतलेले एक घर कौटुंबिक वाटणीत नात्यातल्याच माणसाला दिलेले होते. आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानकांनुसार बाजारमूल्य म्हणजे राजीखुशीचा ग्राहक आणि राजीखुशीचा विक्रेता यांनी, पुरेशी माहिती घेऊन आणि कोणत्याही दडपणाविना, परस्परांशी संबंध नसताना केलेल्या व्यवहारातली अंदाजित रक्कम. त्या निकषावर तो व्यवहार तुलनेस योग्य नव्हताच. मी नकाशा आणि जवळच्या दोन ताज्या व्यवहारांचा तपशील जोडून एका पानाचे पत्र दिले. मूल्य पूर्ण वर आले नाही, पण निम्म्याहून अधिक फरक भरून निघाला.

पहिले घर घेणारी

सर्वांचे मनापासून आभार. आज बँकेतून अहवालाची प्रत मिळाली. क्षेत्रफळ बरोबर आहे, पण तुलनेतली तीनपैकी दोन घरे वर्षभरापूर्वी विकली गेलेली आहेत. अलीकडचे व्यवहार दाखवले, तर ते विचारात घेतात का?

निवृत्त मूल्यांकक

घेतात. मूल्य विशिष्ट तारखेचे असते, म्हणून त्या तारखेच्या जितके जवळचे व्यवहार, तितके वजनदार. व्यवहार पूर्ण होऊन नोंदलेला असावा. जाहिरातीतली मागणीची किंमत जोडू नका. त्याच आकाराची, त्याच वयाची दोन घरे सापडली तरी पुरेशी आहेत. भाव चढल्याचे त्यांतून दिसले, तर जुन्या दोन घरांच्या किमतीत काळाचा फेरफार का केला नाही, एवढेच पत्रात नम्रपणे विचारा. भाव उतरल्याचे दिसले, तर पत्र न पाठवता विक्रेत्यांकडे जाऊन किमतीबद्दल बोला.