‘हिस्टोन मॉडिफिकेशन’ला मराठीत काय म्हणावे? बदल, सुधारणा की खूण?

प्रश्न

एकाच शरीरातील पेशींमध्ये जनुके तीच असूनही त्या इतक्या वेगवेगळ्या का वागतात, या विषयावर मी एका मासिकासाठी लेख लिहिला होता. त्यात ‘हिस्टोन मॉडिफिकेशन’ (डीएनए ज्यांभोवती गुंडाळला जातो त्या हिस्टोन प्रथिनांवर लहान रासायनिक गट जोडले जाणे) हा शब्द मी देवनागरीत तसाच ठेवला होता. अंक हाती आला तेव्हा त्या जागी सर्वत्र ‘हिस्टोन-सुधारणा’ असे केलेले आढळले आणि ‘हिस्टोनमधील सुधारणांमुळे जनुक बंद पडते’ असे वाक्य छापले गेले. ते वाचून सुधारणेने एखादी गोष्ट बंद कशी पडेल, असा प्रश्न वाचकाला पडल्यावाचून राहणार नाही. संपादन करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. कायद्याच्या किंवा यंत्राच्या संदर्भात ‘सुधारणा’ हा शब्द चालतोही. इथे मात्र त्याने अर्थ उलटा केला.

‘बदल’ म्हणावे तर तो फार सैल शब्द आहे, कारण जनुकातील उत्परिवर्तन हाही बदलच असतो आणि नेमका तोच भेद मला दाखवायचा आहे. ‘रूपांतरण’ म्हटल्यास हिस्टोनचे दुसरेच काही झाले असे वाटते. शिवाय ‘क्रोमॅटिन’ आणि ‘सेल सिग्नलिंग’ या शब्दांचे काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

क्रोमॅटिनपासून सुरुवात करतो. वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८० च्या सुमारास पेशींना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा केंद्रकातील जो भाग रंग भराभर शोषून घेत होता त्याला त्यांनी रंगाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव दिले. पुढे १८८८ मध्ये वाल्डेयर यांनी त्याच मुळावरून ‘क्रोमोसोम’ हा शब्द घडवला. मराठीत त्याला ‘रंगसूत्र’ आणि ‘गुणसूत्र’ असे दोन शब्द मिळाले आणि त्यांपैकी ‘गुणसूत्र’ पाठ्यपुस्तकांतून रुळला. माझ्या मते ही निवड उत्तम होती, कारण रंग हा पाहणाऱ्याने बाहेरून दिलेला असतो, तर गुण त्या सूत्राच्या पोटात असतात.

क्रोमॅटिनसाठी ‘रंगद्रव्य’ हा शब्द मात्र घेऊ नये. त्वचेला, फुलाला किंवा पानाला ज्यामुळे रंग येतो त्या पदार्थासाठी तो आधीच वापरात आहे, आणि क्रोमॅटिनला स्वतःचा रंग नसतो. ‘रंज्यद्रव्य’ व्याकरणाने शुद्ध ठरेल, परंतु वाचकाला त्यात रंजन दिसेल. म्हणून ‘क्रोमॅटिन’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात तो उलगडून सांगावा. माणसाच्या एका पेशीतील डीएनए सरळ केला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते, आणि तो जिथे मावतो त्या केंद्रकाचा व्यास एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. हे साधते ते हिस्टोन या प्रथिनांमुळे. चार प्रकारचे प्रत्येकी दोन, असे आठ हिस्टोन एकत्र येऊन एक लहानसे रीळ होते, त्याभोवती डीएनएतील अक्षरांच्या १४७ जोड्यांचा धागा पावणेदोन वेढ्यांच्या जवळपास गुंडाळला जातो, आणि अशी असंख्य रिळे एकाच धाग्यात ओवलेली असतात. धागा आणि रिळे मिळून जे होते ते क्रोमॅटिन.

याच ओघात आणखी एक सुचवतो. एमिल हाइट्झ यांनी १९२८ मध्ये शेवाळी वनस्पतींच्या पेशींत असे पाहिले की, विभाजन संपल्यावर गुणसूत्रांचे काही भाग सैल होतात आणि काही तसेच घट्ट, गडद राहतात. या दोन अवस्थांना ‘विरळ क्रोमॅटिन’ आणि ‘दाट क्रोमॅटिन’ म्हणावे. वस्ती, केस, धुके, ताक या सर्वांना आपण हीच विशेषणे लावतो, त्यामुळे वाचकाला अडखळावे लागणार नाही.

प्रतिसाद २

दाट आणि विरळ हे शब्द मला फार आवडले. मी द्राक्षबागांच्या भागात कीटकशास्त्र शिकवतो, त्यामुळे त्यांना जोडून एक उदाहरण देतो. पिठ्या ढेकूण आमच्याकडच्या प्रत्येक बागायतदाराच्या ओळखीचा असतो. पांढऱ्या पिठूळ आवरणाखाली खोडाच्या सालीत आणि घडात दडून बसणारी ती मादी असते, तर नर लहान, पंख असलेला आणि अल्पायुषी असतो. या किडीत नर-मादी ठरवणारी वेगळी लिंगगुणसूत्रे नसतात. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही आईकडून एक आणि बापाकडून एक असे पूर्ण संच मिळतात. मात्र मुलाच्या पेशींत बापाकडून आलेला सगळाच्या सगळा संच गर्भावस्थेतच दाट होऊन एका गडद गोळ्यासारखा बसतो आणि त्यातील जनुके जवळजवळ गप्प राहतात. मुलीच्या पेशींत तोच संच विरळ राहतो आणि काम करतो. दाट झालेल्या संचातील हिस्टोनांवर मिथिल नावाचे लहान रासायनिक गट आढळतात. विद्यार्थी काचपट्टीवर हा गोळा स्वतः पाहतात, तेव्हा जनुक असणे आणि जनुक चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रतिसाद ३

मूळ प्रश्नाकडे वळतो. ‘मॉडिफिकेशन’साठी मराठीत ‘खूण’ हा शब्द घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

हिस्टोनचे रीळ घट्ट असले तरी प्रत्येक हिस्टोनची एक शेपटी बाहेर लोंबत असते. या शेपटीतील ठरावीक जागी, विशेषतः लायसीन आणि सिरीन या अमिनो आम्लांवर, पेशीतील विकरे लहान रासायनिक गट जोडतात: कुठे ॲसिटिल, कुठे मिथिल, कुठे फॉस्फेट. दुसरी विकरे हेच गट काढून टाकतात. ॲसिटिल जोडल्यावर लायसीनचा धन विद्युतभार नाहीसा होतो, त्यामुळे ऋण भाराच्या डीएनएवरील शेपटीची पकड सैल होते. व्हिन्सेंट ऑलफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच हिस्टोनवरील ॲसिटिल आणि जनुकांचे काम यांचा संबंध मांडला होता. तो गट जोडणारे आणि काढणारे विकर नेमके कोणते, हे १९९६ मध्ये उलगडले, आणि मग या विषयाला वेग आला. पकड सैल होणे हा कथेचा अर्धाच भाग आहे. काही प्रथिनांमध्ये अशी खाच असते की त्यात ॲसिटिल लागलेले लायसीनच बसते, तर काहींमध्ये मिथिल लागलेले. खूण पटली की ते प्रथिन तिथे थांबते आणि पुढची यंत्रणा बोलावते.

आता ‘खूण’ या शब्दाचे व्यवहारातील रूप पाहा. आपण पुस्तकात खूण ठेवतो आणि वाचून झाल्यावर काढतो. त्याने पुस्तकातील मजकूर बदलत नाही. उत्परिवर्तनापासूनचा जो भेद प्रश्नकर्त्यांना दाखवायचा आहे, तो या एका शब्दात आपोआप येतो. खूण ‘पटते’, म्हणजे ओळखणारा कोणीतरी असतो; त्यामुळे इंग्रजीत या प्रथिनांना जे लेखक, वाचक आणि खोडणारे असे म्हणतात, त्यांऐवजी आपण ‘खूण ठेवणारे’, ‘खूण ओळखणारे’ आणि ‘खूण काढणारे’ म्हणू शकतो. ‘वाचक’ हा शब्द मी मुद्दाम टाळतो, कारण मराठी लेखांत ‘जनुक वाचले जाते’ असे आपण प्रतिलेखनासाठी (जनुकावरून आरएनए बनण्यासाठी) लिहितो, आणि मग कोण काय वाचत आहे याचा घोटाळा होतो.

‘खूणगाठ’ हा शब्दही माझ्या मनात आला होता. धाग्यावर बांधलेली गाठ म्हणून तो फारच मोहक आहे, परंतु खूणगाठ आपण कायमची बांधतो आणि हिस्टोनवरील खुणा काढता येतात. खूण काढणारी विकरे रोखणारे एक औषध २००६ पासून अमेरिकेत त्वचेच्या एका प्रकारच्या लिम्फोमासाठी (लसिका-पेशींच्या कर्करोगासाठी) मान्य आहे. खूण पुन्हा काढता-ठेवता येते म्हणूनच अशा औषधाला अर्थ आहे.

प्रश्नकर्त्यांची पुढील शंका

‘खूण’ मनापासून पटला. आता एक अडचण राहते. ‘मिथिल लागले की जनुक बंद, ॲसिटिल लागले की चालू’ असे सूत्र मी अनेक ठिकाणी वाचले आहे आणि माझ्या लेखातही लिहिले आहे. ते बरोबर आहे का?

प्रतिसाद ४

ॲसिटिलबाबत ते बहुतेक वेळा खरे ठरते, परंतु मिथिलबाबत नाही, आणि ही चूक मराठीत इतकी पसरली आहे की ती दुरुस्त झालेली पाहण्याची माझी मनापासून इच्छा आहे. एच३ या हिस्टोनच्या शेपटीतील चौथ्या जागेवरच्या लायसीनवर (क्रमांक शेपटीच्या टोकापासून मोजलेल्या अमिनो आम्लाचा) तीन मिथिल गट असतील, तर ते चालू जनुकाच्या आरंभाजवळचे लक्षण असते. त्याच शेपटीतील नवव्या लायसीनवर तेच तीन गट असतील, तर तो भाग दाट क्रोमॅटिनचा असतो; सत्ताविसाव्यावर असतील, तर शरीरघडणीची जी जनुके त्या पेशीला नको असतात ती गप्प ठेवली जातात. गट तोच आणि शेपटीही तीच, परंतु जागा बदलली की अर्थ बदलतो.

मराठी माणसाला हे अवघड वाटू नये. ‘दिवा लागला’ म्हणजे तो सुरू झाला आणि ‘दार लागले’ म्हणजे ते बंद झाले. क्रियापद एकच आहे; अर्थ ठरतो तो ते कशाला लागले यावरून. आपल्या लेखात ‘मिथिल लागले’ असे लिहाल तेव्हा ते कुठे लागले हे त्याच वाक्यात लिहावे.

कधी कधी तर जागाही तीच असते आणि प्रसंग वेगळा असतो. एच३ मधील दहाव्या सिरीनवरील फॉस्फेट पेशीविभाजनाच्या वेळी, गुणसूत्रे घट्ट आवळली जात असताना, सर्वत्र दिसते. आणि पेशीला वाढीचा संदेश मिळाल्यावर काही मिनिटांतच, मोजक्या ठिकाणी, जनुके सुरू होत असतानाही तेच दिसते.

यावरून ‘सेल सिग्नलिंग’कडे येतो. त्यासाठी ‘पेशीतील संदेशवहन’ हा शब्द योग्य आहे. मात्र टपाल जसे बंद पाकिटात जाते तसे इथे घडत नाही, हे लिहिले पाहिजे. वाढीचा घटक पेशीच्या पटलावरील ग्राहीला (संदेश ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो, तो स्वतः आत येत नाही. आतील किनेज नावाची विकरे एकामागून एक परस्परांवर फॉस्फेट जोडत जातात, आणि या साखळीतील शेवटचे विकर केंद्रकात हिस्टोनच्या शेपटीवर फॉस्फेट ठेवते. म्हणजे संदेशाचे शेवटचे टोक हीच एक खूण असते.

उलट दिशेचे उदाहरण याहून बोलके आहे. क्ष-किरणांनी डीएनएचे दोन्ही धागे एका जागी तुटले, तर तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दूरवर, लाखो जोड्यांच्या अंतरापर्यंत, एच२एएक्स या हिस्टोनवर काही मिनिटांतच फॉस्फेट लागते. चमकणारे प्रतिपिंड वापरून पाहिल्यास सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकात प्रत्येक तुटीच्या जागी एकेक ठिपका उजळलेला दिसतो. ते ठिपके म्हणजे दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना दिलेली हाक असते, आणि दुरुस्ती झाल्यावर ते विझतात. इथे संदेश क्रोमॅटिनपर्यंत येत नाही, तर क्रोमॅटिनमधून निघतो.

‘खूण’ हा शब्द मला इथे पुन्हा उपयोगी वाटतो, कारण मराठीत खूण ‘ठेवली’ जाते तशीच ‘केली’ही जाते: झाडावर कोरलेली खूण वर्षानुवर्षे टिकते आणि डोळ्यांनी केलेली खूण क्षणात संपते. सत्ताविसाव्या लायसीनवरील मिथिल पेशीविभाजनातूनही पुढे जाऊ शकते, तर एच२एएक्सवरील फॉस्फेट दुरुस्तीपुरते राहते. ‘मॉडिफिकेशन’ या शब्दात हे दोन्ही अर्थ नाहीत.

प्रश्नकर्त्यांकडून

सर्वांचा आभारी आहे. शुद्धिपत्रासाठी वाक्य असे पाठवत आहे: ‘हिस्टोन एच३ च्या शेपटीतील नवव्या किंवा सत्ताविसाव्या जागेवरील लायसीनवर मिथिल गटाची खूण ठेवली गेली, की ती ओळखणारी प्रथिने तिथे गोळा होतात, त्या भागातील क्रोमॅटिन दाट होते आणि तेथील जनुकाचे प्रतिलेखन थांबते, जनुकाचा मजकूर मात्र आहे तसाच राहतो.’ ‘थांबते’ऐवजी ‘मंदावते’ किंवा ‘थांबते’ असे दोन्ही लिहावे का, एवढेच कृपया कळवावे.

प्रतिसाद ५

दोन्ही लिहावे. सत्ताविसाव्या लायसीनच्या बाबतीत जनुक पुरते थांबतेच असे नाही, आणि संदेश मिळाल्यावर ते पुन्हा सुरूही होऊ शकते.