प्रतिसाद: गोधडीचे टाके सरळच हवेत का?

टाके वाकडे आले म्हणून गोधडी उसवायला घेतलीत आणि आता आखणीची पट्टी, कटर, नवं कापड असा संच मागवताय, असं तुम्ही लिहिलंय. थांबा. टाक्यांचं काम थर धरून ठेवणं, एवढंच. टाका तिरका गेला तरी थर धरतो. ओळींत चार-चार बोटांचं अंतर पडलं तर मात्र धुताना आतलं कापड गोळा होतं. दोन बोटं पुरे.

संचातल्या नव्या कापडाची गोम वेगळीच. न धुता वापरलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं, जुनं आटत नाही, मग सुरकुत्या. त्यापेक्षा दोन जुन्या सुती साड्या घ्या. साडेपाच मीटरची साडी तिघडी केली की सहा फूट लांबी मिळते. दोन साड्यांचे सहा थर एका माणसाला पुरतात. सिंथेटिक नकोच, घसरते. आधी वीतवीत अंतरावर तात्पुरते कच्चे टाके घाला (हे टाळूनच बहुतेकांचं बिघडतं), मग कडेपासून आत धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारा साधा टाका. दोरा हातभरच, लांब घेतला की गुंततो. विरलेल्या जागी ठिगळ लावा, रंग जुळला नाही तरी चालेल.

आणि ते उसवणं आधी बंद करा. जुन्या सुतात सुईची भोकं मोठी होतात.